जाळ्यात न आलेला मासा कसा मोजायचा?

धोम किंवा कण्हेर धरणाच्या परिसरात सकाळी मासे विकायला बसलेल्या बाईच्या पाटीत काय काय असतं? कटला, रोहू, सायप्रिनस, चिलापीचा ढीग, एखाद्या दिवशी मरळ आणि ओल्या गोणपाटाखाली वळवळणारी वाम. आता एकच प्रश्न तिघांना विचारून बघा : या पाण्यात मासे किती जातींचे आहेत? तलावाचा ठेका घेतलेल्या संस्थेचा माणूस म्हणेल, पाच-सहा. रोज जाळं टाकणारा भोई बोटांच्या पेरांवर मोजायला लागेल आणि पंधरा-वीसपर्यंत जाईल. प्राणिशास्त्राचा अभ्यासक त्याच्याही कितीतरी पुढे जाईल. बी. व्ही. जाधव, नीलेश डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोयना नदीतल्या माशांची जी यादी २०११ मध्ये प्रसिद्ध केली, तिच्यात ५८ जाती आहेत.

तिघांपैकी खोटं कुणीच बोलत नाही. ठेकेदार ज्यांना भाव मिळतो ते मासे मोजतो. भोई जाळ्यात येतात ते मोजतो. अभ्यासक जाळ्यातून निसटणारे, दगडाखाली चिकटून बसणारे, पावसाच्या तोंडावर चार दिवस दिसून पुन्हा गायब होणारेही धरतो. पाणी तेच, मोजणारा बदलला की आकडा बदलतो. म्हणून तलावातल्या माशांची पाहणी करताना मासे पकडून काम निम्मंच होतं. आपल्या हाती काय लागलं नाही, त्याचा हिशेब लावणं हे उरलेलं निम्मं काम. ते अवघड आहे, आणि मला विचाराल तर जास्त सुंदरही आहे.

तळं माणसाचं, मासे नदीचे

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतले मोठे जलाशय जवळजवळ सगळे माणसानं बांधलेले आहेत. कोयनेचा शिवसागर, वारणेवरचा चांदोलीचा वसंतसागर, कृष्णेवरचं धोम, वेण्णेवरचं कण्हेर. पूर्वेकडे दुष्काळी पट्ट्यात गेलात तर इंग्रजी अमलातला म्हसवड-राजेवाडीचा तलाव आणि पक्ष्यांमुळे नाव झालेलं मायणीचं तळं. यांतल्या एकाही पाण्यात ‘मूळचे तळ्यातले’ असे मासे नाहीत. धरणाची भिंत उभी राहिली तेव्हा वाहत्या नदीतले मासे साचलेल्या पाण्यात अडकले. त्यातल्या काहींना ते मानवलं, काहींना नाही.

मळ्या नावाचा बोटभर मासा बघा. त्याच्या हनुवटीखाली एक गोल चकती असते. तिच्या आधारानं तो दगडाला चिकटतो आणि दगडावरचं शेवाळ खरवडून खातो. ओढ्याच्या धारेत त्याचं चांगलं चालतं. धरणाच्या तळाशी दगडांवर गाळ बसला की चिकटायला जागाही नाही आणि खरवडायला शेवाळही नाही. मग तो जलाशयाला मिळणाऱ्या ओढ्यांत मागे सरकतो. भर पाण्यात होडीतून जाळं टाकणाऱ्याला तो दिसत नाही; ओढ्याच्या तोंडाशी गुडघाभर पाण्यात वाकणाऱ्या पोराला मात्र दिसतो.

दुसरा गट सोडलेल्या माशांचा. रोहू, मृगळ, कटला हे मुख्यतः गंगेच्या खोऱ्यातले. पूर्वी त्यांचं बी नदीतून गोळा करावं लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधरी यांनी टोचणी देऊन या जातीच्या माशांना तळ्यात अंडी घालायला लावलं आणि चित्र पालटलं. आता केंद्रांवर अंडी उबवतात. त्यातून निघालेल्या इवल्या पिल्लांना ‘मत्स्यजिरे’ म्हणतात, कारण ती दिसतात जिऱ्याएवढी. बोटाएवढी झाली की ‘बोटुकली’. ही बोटुकली दरवर्षी जलाशयांत सोडतात.

तिसरा गट न बोलावता आलेल्यांचा. चिलापी मूळची आफ्रिकेतली, भारतात १९५२ मध्ये आणली गेली. तिची मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे जिथे इतर माशांची अंडी खाल्ली जातात तिथेही तिची पिलावळ तगते. आणखी काही मासे बोटुकलीच्या पिशवीतून चुकून येतात, काही कुणीतरी घरातल्या काचेच्या टाकीतून आणून सोडलेले असतात.

तिन्ही गट एकाच पाण्यात, पण वेगवेगळ्या कोपऱ्यांत राहतात. पाहणीची आखणी इथून सुरू होते.

जशी चाळणी, तसं पीठ

जलाशयात सर्वात जास्त वापरलं जातं ते पाण्यात पडद्यासारखं उभं राहणारं जाळं. वरच्या दोरीला तरंगणारे तुकडे, खालच्या दोरीला वजन. संध्याकाळी लावायचं, पहाटे काढायचं. अंधारात माशाला बारीक धागा दिसत नाही. तो पुढे जायला बघतो, डोकं आत जातं, पोटाचा घेर अडतो. मागे सरकू लागला की कल्ल्याच्या झाकणात धागा अडकतो.

आता यातली गोम बघा. जाळ्याच्या एका भोकाला भोई ‘आस’ म्हणतात. आसापेक्षा बारीक मासा आरपार जातो. फार मोठ्या माशाचं डोकंच आत शिरत नाही, तो नाक आपटून वळतो. अडकतो तो फक्त मधल्या मापाचा. घरात रव्याची चाळणी, मैद्याची चाळणी आणि गहू चाळायची मोठी चाळण वेगळी असते ना, तसंच. एकाच चाळणीनं चाळलं आणि ‘घरात फक्त रवा आहे’ असं म्हटलं, तर चूक रव्याची नाही. बाजारासाठी मासे धरणारा भोई मोठ्या आसाचं जाळं वापरतो आणि ते योग्यच आहे, लहान मासे वाढायला सुटतात. पण तेच जाळं पाहणीसाठी वापरलं तर बोटभर लांबीच्या सगळ्या जाती यादीतून आपोआप गळतात. आणि सह्याद्रीतल्या गोड्या पाण्यातल्या किती तरी जाती बोटभरच असतात.

म्हणून पाहणीसाठी वेगवेगळ्या आसांचे तुकडे एकापुढे एक शिवून एक लांब जाळं करतात. एका टोकाला करंगळीही न जाणारा आस, दुसऱ्या टोकाला मूठ जाईल असा. तरीही काही मासे हुलकावणी देतात. वाम सापासारखी गुळगुळीत, ती कुठल्याही आसातून सरकते; तिच्यासाठी गळ किंवा बांबूचा पिंजरा. काठच्या गवतात लपणाऱ्यांसाठी हातजाळं. उथळ पाण्यात वरून फेकायचा पाग. दगडाखालच्या मुरीसाठी कुणीतरी दगड हलवायचा आणि खालच्या धारेला कापड धरून दुसऱ्यानं उभं राहायचं. पोरं हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत, आणि पाहणी करणाऱ्यांनी ते त्यांच्याकडून शिकावं.

सुरुंग आणि विष यांचा मात्र प्रश्नच नाही. १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून दोन्हींवर बंदी आहे. सुरुंगानं मेलेल्या माशांतले कित्येक तळाला जातात, म्हणजे नाश होतोच, वर मोजणीही चुकते.

बंबातलं पाणी

जाळं कोणतं हे ठरलं. ते कुठे आणि कधी लावायचं? पाण्याच्या बंबात हात घालून बघितलेल्या माणसाला हे चटकन कळेल. ऊन पाणी हलकं, ते वर येतं. थंड पाणी जड, ते खाली बसतं. खोल जलाशयात उन्हाळ्यात हेच होतं. कोयनेचं धरण शंभर मीटरहून उंच आहे. त्यामागच्या खोल पाण्यात वरचा थर ऊन आणि खालचा गार राहतो. दोन्ही थर एकमेकांत मिसळत नाहीत. वरच्या थराला वाऱ्यातून प्राणवायू मिळत राहतो. खाली पालापाचोळा आणि मेलेले जीव कुजतात, कुजताना प्राणवायू संपतो, नवा येत नाही. अशा वेळी तळाशी लावलेलं जाळं रिकामं निघालं तर ‘तळाशी राहणारे मासे इथे नाहीत’ असा निष्कर्ष काढणं घाईचं ठरेल. ते श्वासासाठी वर सरकलेले असतील. हिवाळ्यात वरचं पाणी गार होऊन खाली उतरतं, थर मिसळतात, आणि तेच जाळं त्याच जागी वेगळे मासे देतं.

दिवसाचीही हीच गोष्ट. घोगरा, शिंगटी यांसारखे मिशा असलेले मासे अंधारात चरायला बाहेर पडतात. दुपारी बारा वाजता टाकलेला पाग त्यांना नाही म्हणेल. आणि मृगाच्या पावसात ओढ्यांना नवं पाणी आलं की कित्येक जाती अंडी घालायला वर चढतात. चढणीचे मासे खाण्याची हौस आपल्याकडे जुनी आहे. पण अंडी पोटात असलेली मादी मारणं म्हणजे पुढच्या वर्षीची बोटुकली मारणं. पाहणी करणाऱ्यांनी त्या दिवसांत मासा हातात घ्यावा, मोजावा, फोटो काढावा आणि सोडावा.

परवानग्यांचं थोडक्यात सांगतो. पाणी पाटबंधारे खात्याचं, मासेमारीचा हक्क ठेका घेतलेल्या मच्छीमार संस्थेचा, आणि कोयना-चांदोलीचं रान २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात, म्हणून तिथे वनखात्याचीही परवानगी लागते. ही धावपळ जाळं विणण्याच्या आधी करावी.

स्टँडवरच्या पाट्या

आता खरा प्रश्न. किती रात्री जाळं लावलं म्हणजे पुरे?

समजा तुम्ही सातारा स्टँडवर उभे राहून एसटीच्या पाट्या वहीत लिहून घेताय. इथून किती वेगवेगळ्या गावांना गाड्या जातात हे शोधायचंय. पहिल्या तासात प्रत्येक गाडी नवी : पुणे, कराड, वाई, मेढा, कोरेगाव, पाटण. वही भरभर भरते. दुसऱ्या तासात निम्म्या पाट्या जुन्याच. दुपारपर्यंत पुणे आणि कराड इतक्या वेळा येतात की कंटाळा यावा; मधूनच एखादी दहिवडी, एखादी अक्कलकोट. संध्याकाळी तीन-तीन तासांत एकही नवं नाव येत नाही. तेव्हा तुम्हाला वाटतं, बहुधा झालं.

मासेही असेच. पहिल्या जाळ्यात आठ जाती, दुसऱ्यात नव्या चार, तिसऱ्यात दोन, दहाव्यात एखादी. जाळ्यांची संख्या आडव्या रेषेवर आणि आतापर्यंत सापडलेल्या एकूण जाती उभ्या रेषेवर मांडल्या तर घाटासारखी चढण दिसते, आधी खडी, मग पठार. पठार आलं नसेल तर पाहणी अपुरी आहे. दोन दिवसांत उरकलेल्या कित्येक पाहण्यांत ही रेघ काढलेलीच नसते, आणि यादी मात्र ‘संपूर्ण’ म्हणून छापलेली असते. हे मला फार खटकतं.

पण पठार येण्याइतका वेळ आणि पैसा नसला तर? इथे तैवानच्या संख्याशास्त्रज्ञ अ‍ॅन चाओ यांनी १९८४ मध्ये सुचवलेली युक्ती कामाला येते. त्यांचं म्हणणं असं : ज्या जाती सगळ्या जाळ्यांत येतात त्या तुम्हाला काहीच नवं सांगत नाहीत. एकदाच दिसलेल्या आणि दोनदाच दिसलेल्या जाती मोजा. एकदाच दिसलेल्या खूप असतील तर त्यांच्यासारख्याच, थोडक्यात हुकलेल्या, न दिसलेल्याही खूप असणार.

हिशेब घरी करता येतो. समजा एकूण ३० जाती सापडल्या. त्यातल्या ६ फक्त एकाच जाळ्यात दिसल्या आणि ३ फक्त दोन जाळ्यांत. सहाचा वर्ग ३६. त्याला तीनच्या दुपटीनं, म्हणजे ६ नं भागा. उत्तर ६. म्हणजे किमान ६ जाती अजून पाण्यात आहेत ज्या तुम्ही पाहिल्याच नाहीत, आणि तलावातला आकडा किमान ३६ धरावा. जे दिसलं नाही त्याचा अंदाज जे अगदी कमी दिसलं त्यावरून बांधायचा! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वही घेऊन तीनदा करून पाहिलं.

ही युक्ती चालायची तर प्रत्येक जाळ्याचा हिशेब स्वतंत्र लिहिलेला हवा. तारीख, जागा, खोली, आस, जाळ्याची लांबी, पाण्यात किती तास होतं, आणि काय आलं. ‘काहीच आलं नाही’ हेसुद्धा. रिकामं जाळं वहीत न लिहिणं ही पाहणीतली सर्वात महागडी बचत आहे. ‘काल दहा किलो मासा मिळाला’ या वाक्याला काही अर्थ नाही. शंभर मीटर जाळ्यात एका रात्रीत दहा किलो मिळाला, याला आहे. पुढच्या वर्षी तेवढंच जाळं तेवढाच वेळ लावून तुलना करता येते.

डब्यातले चणे

जाती किती हा एक प्रश्न, मासे किती हा दुसरा. तळं उपसून मोजता येत नाही. पण डब्यात चणे किती हे डबा न ओतता सांगता येतं का? येतं. मूठभर, समजा १०० चणे काढा, त्यांना शाईचा ठिपका लावा, परत टाका, डबा नीट हलवा. आता ५० चणे काढा. त्यांत ५ ठिपकेवाले निघाले. म्हणजे दर दहात एक ठिपकेवाला. ठिपकेवाले एकूण १००, म्हणजे डब्यात साधारण १००० चणे.

डेन्मार्कच्या योहानेस पेटरसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी माशांवर हीच युक्ती वापरली. माशाच्या परात बारीक खूण करून सोडतात आणि काही दिवसांनी पुन्हा जाळी लावतात. अट एवढीच की मधल्या काळात मासे आत-बाहेर जाता कामा नयेत, खुणा पुसल्या जाता कामा नयेत आणि खूण झालेला मासा जाळ्याला जास्त घाबरता कामा नये. आपल्या धरणांत पहिली अट पावसाळ्यात मोडते. दरवाजे उघडले की पाण्याबरोबर मासेही खाली जातात. म्हणून हा प्रयोग दरवाजे बंद असताना करायचा.

नाव लावणं

जाळ्यातून मासा निघाला. आता हा कोण? इथे चूक झाली तर बाकी सगळा हिशेब फुकट.

आधी ढोबळ गोष्टी. खवले आहेत की नाहीत, मिशा किती, पाठीवरचा पर काटेरी की मऊ, परात काड्या किती. अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत ठिपक्यांची एक रेघ जाते. ती माशाला पाण्यातली हालचाल जाणवून देते, तिला पार्श्वरेषा म्हणतात. त्या रेघेवरचे खवले मोजतात. दोन दिसायला सारख्या जाती या एका आकड्यानं वेगळ्या होतात. रोहूच्या कुळातल्या माशांच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात, म्हणून कधी घसा उघडावा लागतो. नुसत्या फोटोवर विश्वासून भागत नाही. प्रत्येक जातीचा एखादा नमुना जतनाच्या द्रावात ठेवून संग्रहालयात द्यावा लागतो, म्हणजे पन्नास वर्षांनी कुणाला शंका आली तर उघडून पाहता येईल. पुण्यात भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं प्रादेशिक केंद्र आहे, तिथे असे नमुने जपले जातात.

पण माशाचं पहिलं नाव संग्रहालयात जन्मत नाही, ते घाटावर जन्मतं. कर्नल विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं दख्खनच्या माशांचं वर्णन केलं आणि १८३९ पासून त्या नावांना शास्त्रात जागा मिळाली. त्यानं बरीच नावं इथल्या माणसांच्या तोंडून घेतली. म्हणून आजही जगभरच्या पुस्तकांत शिंगटीचं नाव ‘मिस्टस सींगटी’ आणि मळ्याचं ‘गॅरा मुल्या’ असं छापलं जातं. मराठी शब्द लॅटिनच्या पंक्तीला जाऊन बसले.

याहून मला आवडतो तो खवलचोर. सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९५२ मध्ये कृष्णेच्या खोऱ्यातल्या या लहान, चपट्या, मिशीवाल्या माशाचं वर्णन केलं आणि त्याच्या शास्त्रीय नावात ‘खवलचोर’ हा शब्द जसाच्या तसा ठेवला. नाव खरं आहे : हा दुसऱ्या माशांचे खवले ओरबाडून खातो. बाजारात त्याला भाव नाही, ठेकेदाराच्या मोजणीत तो येत नाही. पण तो दिसणं बंद झालं तर समजावं की ज्यांचे खवले तो खायचा त्यांचंही काहीतरी बिनसलं आहे.

त्याच सुमारास, १९५३ मध्ये, ई. जी. सायलास यांनी महाबळेश्वर आणि वाईच्या माशांवर टिपण लिहिलं. तेव्हा वाईच्या वर धोमचं धरण नव्हतं. पुढे २०१२ मध्ये वाईजवळच्या कृष्णेतल्या माशांची नव्यानं यादी प्रसिद्ध झाली. एका जागेच्या दोन याद्या, मध्ये साठ वर्षं आणि एक धरण. अशी जोडी फार थोड्या ठिकाणी मिळते. ज्या तलावाची जुनी यादी नाही, तिथे ‘पूर्वी मासे खूप होते’ या म्हाताऱ्या भोयाच्या वाक्याला पुरावा जोडता येत नाही. म्हणून त्यांच्याशी बोलणं हाही पाहणीचा भाग आहे, आणि तो चहाच्या टपरीवर उरकण्याचा नाही. फोटो पुढे ठेवून विचारावं : हा कधी पाहिला होता, शेवटचा कधी, तुमच्याकडे याला काय म्हणतात? एकाच माशाला वारणाकाठी एक नाव, माणदेशात दुसरं. कधी लहानपणी एक आणि मोठेपणी दुसरं. हे न कळल्यानं एका माशाच्या दोन जाती झाल्याची उदाहरणं आहेत.

चौकट : कोणतं साधन काय पाहतं?

उभं जाळं : आसाच्या मापाचे, हिंडणारे मासे. तळाशी बसणारे आणि सापासारखे निसटतात.
पाग आणि हातजाळं : उथळ पाणी, गवत, ओढ्याचं तोंड. खोल पाणी दिसत नाही.
गळ आणि पिंजरा : वाम, मरळ यांसारखे शिकारी. शेवाळ खाणारे येत नाहीत.
मासळी बाजार : स्वस्त आणि वर्षभर चालणारी पाहणी. भाव नसलेले मासे गायब.
पाण्याचा नमुना : न पकडता जातींचा सुगावा. किती मासे आणि केवढे, हे सांगत नाही.

पाण्याची आरटीपीसीआर

चौकटीतली शेवटची ओळ नवी आहे. मासा पाण्यात सतत काहीतरी सोडत असतो : अंगावरची बुळबुळ, गळलेला खवला, विष्ठा. त्यात त्याच्या पेशी असतात आणि पेशीत डीएनए, म्हणजे त्या जातीची लिखित ओळख. तलावातलं एक-दोन लिटर पाणी फार बारीक छिद्रांच्या कागदातून गाळलं की हा कचरा कागदावर अडकतो. घरातून पाहुणे निघून गेल्यावर उशीवरच्या केसांवरून कोण झोपलं होतं हे ओळखावं, तसा हा प्रकार.

मिळणारा डीएनए इतका थोडा असतो की तो वाचता येत नाही. म्हणून करोनाच्या दिवसांत आपल्या नाकातल्या नमुन्याचं जे केलं जायचं तेच करतात : प्रती काढतात. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. असं तीस वेळा केलं की एका तुकड्याचे शंभर कोटींहून जास्त तुकडे होतात. मग त्यातली अक्षरं वाचून ओळखीच्या माशांच्या अक्षरांशी ताडून बघतात. कॅनडातले पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये प्राण्यांची ओळख पटवायला एका ठरावीक जनुकाचा तुकडा ‘बारकोड’सारखा वापरावा असं सुचवलं; किराणा दुकानातल्या पुड्यावरच्या पट्ट्यांसारखा.

ज्या जाती जाळ्याला वर्षभर हुलकावणी देतात त्या एका बाटलीत सापडू शकतात. पण बाटलीही फसवते. ताडून बघायच्या संग्रहात खवलचोराची अक्षरं नसतील तर खवलचोर ‘अनोळखी’ म्हणून पडून राहील. म्हणजे आधी कुणीतरी जाळं लावून खवलचोर पकडलेला, ओळखलेला आणि वाचलेला हवा. शिवाय महाबळेश्वरच्या एखाद्या हॉटेलात सुरमई धुतली आणि ते पाणी वेण्णा तलावात गेलं, तर यंत्र निष्पापपणे सांगेल, तलावात सुरमई आहे!

टेंभूचं पाणी, कुणाचे मासे?

माझ्या मते या सगळ्या साधनांचा सर्वात चांगला उपयोग आत्ता सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागात होईल.

आटपाडी, जत, खानापूर, कवठे महांकाळ इथले तलाव पावसावर भरायचे आणि वाईट वर्षी कोरडे पडायचे. कोरडं पडलेलं तळं पुन्हा भरलं की त्यात मासे कुठून येतात, हे लहानपणी पडलेलं कोडं. उत्तर असं : काही डबक्यात आणि विहिरीत तग धरतात. मरळीसारखे मासे हवेतला प्राणवायूही घेतात, त्यामुळे चिखलात पाणी उरलं तरी काही काळ जगतात. बाकीचे पावसात ओढ्यानाल्यांच्या वाटेनं येतात, आणि उरलेले बोटुकलीच्या पिशवीतून. अशा तळ्यातली माशांची मंडळी दुष्काळाला सरावलेली असतात.

आता कराडजवळच्या टेंभूहून आणि मिरजेजवळच्या म्हैसाळहून कृष्णेचं पाणी पंपांनी उचलून या तलावांत येतं. माणसांसाठी हे फार मोठं काम झालं आहे. माशांच्या बाजूनं पाहिलं तर दोन वेगवेगळे पाणलोट एकमेकांना जोडले गेले. मोठा मासा पंपातून जिवंत जाणं कठीण. जिऱ्याएवढं पिल्लू किंवा अंडं? ते जाऊ शकतं का, गेलं तर तगतं का, तगलं तर तिथल्या मरळीचं आणि वामेचं काय होतं?

इथे नुसती बाटली उपयोगाची नाही. पंपाच्या पाण्याबरोबर कृष्णेतल्या माशांचा डीएनए येणारच, मासा आला असो वा नसो. यंत्र म्हणेल ‘आहे’, आणि तळ्यात तो नसेलही. म्हणून आधी मोजलं पाहिजे. पंप सुरू होण्यापूर्वी, उन्हाळ्यात तळं आटत आलेलं असताना, वेगवेगळ्या आसांच्या जाळ्यांनी आठ-दहा रात्री. त्याच वेळी पाण्याच्या काही बाटल्या गाळून गोठवून ठेवायच्या. मग पाणी आल्यावर कालव्याच्या तोंडाशी एक बाटली आणि तळ्याच्या दुसऱ्या टोकाला एक. पाणी बंद होऊन काही आठवडे गेले की पुन्हा दोन्ही ठिकाणी. सुटा डीएनए गरम पाण्यात फार दिवस टिकत नाही, त्यामुळे तेव्हाही जे नाव वाचता येईल त्या माशासाठी जाळं लावायचं. पुढच्या उन्हाळ्यात तीच जाळी, त्याच जागा, तेवढेच तास.

विटा, आटपाडी, जत इथल्या महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्राच्या मुलांना हे जमेल. डीएनए वाचायला मोठी प्रयोगशाळा लागते, पण जाळी, वही आणि बर्फाची पेटी लागते ती इथेच. बरोबर एक भोई हवा, ज्याला अंधारात आस हातानं चाचपून ओळखता येतो, आणि त्याच्या रात्रींची मजुरी. पंप चालू होण्याची तारीख पाटबंधारे खात्याकडे आधी विचारून ठेवायची, कारण पाणी आलं की त्या वर्षीची ‘आधी’ची यादी पुन्हा करता येत नाही.